कस्तुरा दुपारी माझ्या घरी असते

१

दुपारची भाकर खाऊन झाली की मी शिलाई मशीनवर बसते. बोरीच्या पेठेत टेलर काही कमी नाहीत, पण आसपासच्या गावांतल्या बायांना ब्लाऊज माझ्याच हातचा लागतो. मी वेळेवर देते, आणि माप घेताना ऐकवतेही. "काकू, दोन बोटं वाढलाव की, गोड जरा कमी खा." बाया चिडतात, हसतात, आणि पुढच्या सणाला परत येतात. मानवतची पोरगी आहे मी, बाजारपेठेत वाढलेली. माझं तोंड बंद करणं आमच्या घरात कुणाला जमलं नाही, एक अक्का सोडली तर.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ, कस्तुराबाई. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात आम्ही दोघी जिंतूरला निघालो होतो. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. अक्का अंग चोरून सरकली, शेजारची जागा तळहातानं थोपटली आणि म्हणाली, "ये गं, बस." तेव्हापासून मांडवात, पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, कुठंही गेलं की अक्का सरकायची आणि मला बसवून घ्यायची. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं इतकं तिनं माझं केलं. हे मी इमानानं सांगते, आजही.

मागच्या वर्षीच्या संक्रांतीला तर तिनं कहरच केला. बाया वाण म्हणून कंगवे देतात, वाट्या देतात, प्लॅस्टिकचे डबे देतात. अक्कानं मला जमीन दिली. ओढ्याच्या कडेचा हरभऱ्याचा कोपरा, आणि त्या कोपऱ्यातला आमचा आखाडा, म्हणजे पत्र्याचं दोन खोल्यांचं शेतातलं घर. सुगडात हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे तुकडे घालून तिनं ते माझ्या पदरात दिलं आणि चार बायांसमोर म्हणाली, "आजपासून तो कोपरा सविताचा."

"अक्का, येड लागलंय का तुमाला? जमीन कुणी वाण देतं व्हय?"

"वाणाला न्हाई म्हणू नये, बाई," अक्का म्हणाली, आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

बाया बघतच राहिल्या. माझ्या माहेरात सात पिढ्यांत कुण्या बाईच्या नावावर बोटभर जमीन नव्हती. मी रडले. आतल्या खोलीत बाजेवर भाऊजीही रडत होते. भाऊजी म्हणजे अक्काचे मालक, दिनकरराव. वर्षभरापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, वाचा गेली होती, एक हात तेवढा हलायचा. त्या हातानं ते बाजेची लाकडी कड बडवत होते. आम्हाला वाटलं, आनंद झालाय.

कागद नंतर जिंतूरला जाऊन झाला. सही करताना माझा नवरा, योगीराज, माझ्याकडं न बघता बाहेरच्या लिंबाकडं बघत होता. मी म्हटलं, जळायलाय मेला, बायको मालकीण झाली म्हणून.

२

आमच्याकडं हिवाळ्यात करकोचे येतात. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढरे तुरे. रात्र येलदरीच्या पाण्याकडं काढायची आणि दिवस उजाडला की हरभऱ्यात उतरायचं. दुसरीकडं लोक हाकलतात, पण ओढ्याच्या कोपऱ्यातून त्यांना हाकलायचं नाही ही आमच्या घरची जुनी रीत. कामून म्हणून कुणी विचारलं नाही, मीही नाही.

पाखरांवर अभ्यास करणारी नीलम नावाची पोरगी पुण्याकडून यायची. तिनं आणि तिच्या माणसांनी अक्कानं वाण दिलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्या कोपऱ्यात एक करकोचा धरला होता. मादी होती. तिच्या पायात कडं घातलं, कड्यावर नखाएवढं यंत्र, उन्हावर चालणारं. ते यंत्र वरच्या उपग्रहाशी बोलतं आणि पाखरू कुठं आहे ते कळवतं. शेत तेव्हा अक्काचं, म्हणून नीलमनं पाखराचं नाव ठेवलं कस्तुरा.

माझ्या मोबाइलवर तिनं नकाशा टाकून दिला होता. मला नादच लागला. फागुनात भर दुपारी सगळा थवा गोल गोल फिरत वर गेला, ठिपक्याएवढा झाला आणि नाहीसा झाला. मग रोज मोबाइलवर बघायचं. आज कस्तुरा राजस्थानात. आज पाकिस्तानात, ना पासपोर्ट ना काही. वैशाखात कझाकस्तान का काय त्या देशात जाऊन थांबली. तिथं गवत हिरवंगार, आणि इथं आमच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा.

तोवर आम्ही आखाड्यावर राहायला आलो होतो. अक्काचा पोरगा दत्ता, त्याचं लग्न ठरायला लागलं, गावातल्या घरात जागा हवी. हे सकाळी बोरीला खताच्या दुकानात कामाला जायचे, मी एकटी.

अशाच एका दुपारी मशीन थांबवून मोबाइल बघितला. कस्तुराचा ठिपका कझाकस्तानात नव्हता. नकाशा मोठा करत गेले. परभणी जिल्हा. बोरी. आमचा ओढा. आमचा पत्रा. ठिपका पत्र्यावर होता.

मी बाहेर येऊन छताकडं पाहिलं. वर ऊन होतं आणि दुसरं काही नव्हतं.

नीलमला फोन लावला. "अगं, तुझी कस्तुरा माझ्या घरी येऊन बसली."

ती हसली. "ताई, ती चूक आहे. यंत्र अधूनमधून चुकीचं ठिकाण देतं. संध्याकाळी आम्ही असले ठिपके गाळून टाकतो, तोवर ते दिसत राहतात."

"एका दिवसात कझाकस्तानातून बोरी? आमच्या ह्यांना बोरीतून घरी यायला एवढा येळ लागतो."

संध्याकाळी बघितलं तर ठिपका गेला होता. कस्तुरा परत गवतात.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी ठिपका पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही दिवशी. मी नकाशा जितका मोठा होईल तितका केला. ठिपका छताच्या मागच्या अंगाला होता. मागच्या खोलीत.

मागच्या खोलीत हरभऱ्याची पत्र्याची कोठी असते, दोन पोती, एक मोडका पाळणा. खिडकी नाही. दोन्ही खोल्यांच्या मधे दार आहे, त्याला कडी माझ्या बाजूनं.

आवाज आधीपासूनच येत असावा. मशीनच्या खडखडीत मला कळला नसेल. टिक, टिक, टिक. शहाबादी फरशीवर कुणी दाणे टिपतंय असा. मी पाय थांबवला, मशीन थांबली. आवाजही थांबला. मी पुन्हा पायटा मारला. टिक, टिक.

उंदीर, मी स्वतःला सांगितलं. उंदराला माणसाची चाहूल कळते. बाजारातून पिंजरा आणला, आत भजं लावलं. भजं वाळून गेलं.

मग पारवा असेल म्हटलं. पत्र्याच्या फटी चिंध्या कोंबून बंद केल्या. दुपारी आवाज होताच.

एकदा मी मुद्दाम मशीनचा पट्टा काढून ठेवला आणि नुसताच पायटा हलवला, आवाज व्हावा म्हणून. टिक, टिक सुरू झालं. मी पाय तसाच हलवत ठेवला, उजवा हात लांबवून कडी काढली आणि दार ढकललं. आत अंधार, धान्याचा वास. कोठीचं झाकण लावलेलं. फरशीवर हरभऱ्याची टरफलं पडलेली, हिरवी. वैशाखात हिरवा घाटा कुठून येणार? मी टरफल उचलून दातात धरून बघितलं. आंबट लागलं, आंब पडलेल्या कवळ्या घाट्यासारखं. मी थुंकले, खराटा घेतला, सगळं झाडून काढलं आणि दिवसभर स्वतःलाच शिव्या देत राहिले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. वाटलं, हसतील, म्हणतील उन्हानं डोकं फिरलं तुझं. हे हसले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत खाली बघून म्हणाले, "दुपारचं ते मधलं दार लावून घेत जा."

"लावलेलंच असतं. आत काय हाय ते इचारायलेय मी."

"लावून घेत जा," हे पुन्हा म्हणाले, आणि पाणी मागितलं.

रात्री भांडी घासताना मला एक जुनी गोष्ट आठवली. मी नवी नवरी होते तेव्हा गावातल्या घरी अक्का रोज दुपारी स्वतःच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची. कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. बाहेर आली की तोंड पांढरं, पदर घामानं भिजलेला. सासूबाई म्हणायच्या, तिचं डोकं दुखतं, तिला कुणी बोलू नका. त्या वाणाच्या संक्रांतीपासून अक्का दुपारी ओट्यावर पाय पसरून बसते, शेंगा खाते, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करते. अंगानंही भरली. मीच तिच्या ब्लाऊजची शिलाई उसवून दिली होती.

४

कार्तिकात करकोचे परत आले. क्रुर्र, क्रुर्र करत थवे उतरायला लागले, आणि त्यांच्या मागोमाग नीलम आली. दुर्बिणीतून तिनं मला कस्तुरा दाखवली. पायात कडं, हरभऱ्यात मान घालून खात होती, दहा पाखरांसारखंच एक पाखरू. मला तिचा राग यायचं काहीच कारण नव्हतं.

चहा पिताना मी म्हटलं, "नीलम, तू ते ठिपके गाळून टाकतीस ना, ते फेकून देतीस का ठेवतीस?"

"ठेवतो. वेगळे काढून ठेवतो."

"मला दाखव."

"ताई, तो कचरा आहे."

"बाई गं, सूप घेऊन बसलेल्या बाईला काय सांगतीस? पाखडल्यावर खाली काय पडलं ते बी बघावं लागतं."

तिनं लॅपटॉप उघडला. आधी नेहमीचा नकाशा, हिमालयावरून गेलेली रेघ. मग तिनं कुठंतरी दाबलं आणि गाळलेले ठिपके आले. परभणी सोडून कुठंच नव्हते. माझ्या मागच्या खोलीवर त्यांचा नुसता खच पडला होता. नीलमनं लॅपटॉप जवळ ओढला. तिनं ते असे एकत्र कधी बघितलेच नव्हते, एकेक करून काढून टाकले होते.

"सगळे दुपारचे आहेत," ती म्हणाली. "बाकी वेळचा एकही नाही."

"आन् हे काय?" मी बोट ठेवलं. थोड्या अंतरावर दुसरा खच होता. गावात. आमच्या जुन्या घरावर.

"हे जुने आहेत, ताई. यंत्र बसवलं त्या वर्षीचे."

मी तिला घराचं कौल न् कौल सांगितलं. न्हाणी, ओसरी, माजघर. ठिपके उजव्या हाताच्या खोलीवर होते. अक्काच्या खोलीवर. नीलमनं तारखा लावल्या. गावातला शेवटचा ठिपका भोगीचा. इथला पहिला ठिपका संक्रांतीचा. कागदावर सही व्हायच्या कितीतरी आधीचा.

नीलम म्हणाली, मी वरिष्ठांना विचारते, असं कधी पाहिलं नाही. तिचा चहा तसाच राहिला. जाताना तिनं मधल्या दाराकडं एकदा बघितलं आणि पाठ न करता बाहेर पडली.

मला मात्र भीती नंतर आली. आधी आठवला तो अक्काचा तळहात, एसटीच्या सीटवर थोपटणारा.

५

अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघताच सरकली. "ये गं, बस."

मी उभीच राहिले. "अक्का, मागच्या खोलीत कोण हाय?"

तिनं शेंग खाली ठेवली. खोटं बोलायचं तिनं मनात आणलं असावं, पण माझ्या तोंडाकडं बघून तो विचार सोडला.

"दिसलं का?"

"न्हाई."

"मंग बरंय. मला बी दिसलं न्हाई कधी. नुस्ता आवाज." ती हळू बोलत होती. "मला सासूबाईनं दिलं. पहिल्या संक्रांतीला. मला बी लय भारी वाटलं होतं, तुझ्यासारखंच."

"आन् तुमी मला दिलं."

"तू आलीस तवाच देणार होते. तुझ्या भाऊजींनी देऊ दिलं न्हाई. म्हणायचे, आपल्यापाशी आलंय ते आपल्यापाशीच राहू दे, दुसऱ्याच्या लेकीच्या पदरात घालू नको. मंग त्यांची वाचा गेली." तिनं पदर तोंडाला लावला. "सविता, मी लय काढलं गं. माझ्यानं होईना."

"इकून टाकते मी ती जमीन."

"इकल्यानं जात न्हाई. वाणानं आलं, वाणानंच जातं. सरजाबाईनं दिलंच न्हाई कुणाला. सासूबाईची जाऊ होती ती, तिच्यामागं ते सासूबाईकडं आलं. लय हट्टी. फागुनात पाखरं उठायच्या टायमाला दुपारची शेतात गेली..."

"आन्?"

"तिचं जेवणाचं ताट घरी तसंच होतं," अक्का म्हणाली. मग उठून आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. तिच्या हातचं पाणी मी तेव्हा पहिल्यांदा घेतलं नाही. गोड बोलून गळा कापतात म्हणतात, तो असा. कापताना कळलं नाही, वर मी रडून तिच्या पाया पडले होते.

आत भाऊजींच्या बाजेशी गेले. मला बघून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चांगल्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं, मग सोडलं, आणि मला ढकललं. दाराकडं. पुन्हा ढकललं. गेल्या संक्रांतीला बाजेची कड बडवणारा माणूस काय सांगत होता ते मला आता कळलं. सगळ्या घरात एकच इमानी माणूस, आणि त्यालाच तोंड नाही.

६

हे दुकानातून आले तेव्हा मी दारात पिशवी भरून बसले होते.

"तुमाला ठावं होतं?"

ह्यांनी गाडी स्टँडवर लावली, किल्ली काढली, पुन्हा लावली. "वहिनीनं मला लहानाचा मोठा केला, सविता. तिचे हाल मी पोरपणापासून बघितले."

"आन् माझे बघायची हौस होती का?"

"तसं न्हाई. मला वाटलं, तू शिकलेली. तू असलं काय मानत न्हाईस. जो मानत न्हाई त्याला काय होत न्हाई म्हणत्यात."

कोण म्हणतं असं? कुणीच म्हणत नाही. त्यांनी ते स्वतःच्या मनाला सांगायला स्वतःच रचलं होतं. इतक्या वर्षांचा संसार, आणि ह्या माणसानं माझ्या शिक्षणावर मला डावावर लावलं. मी इतकी ओरडले की हरभऱ्यातली पाखरं उठली.

ओरडून झाल्यावर हे म्हणाले, "मार्ग हाय की. आता दत्ताचं लगीन हाय. नवी सून येईल. संक्रांतीला तू तिला दे." आवाज असा, जणू दुकानात खत बदलून द्यायलेत.

मी पिशवी उचलली आणि मानवतला गेले. मायनं विचारलं नाही, जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बसलो होतो, भाऊ पेठेत गेला होता. फळीवरच्या डब्यांच्या मागून आवाज आला. टिक, टिक. मी मोबाइल काढला. ठिपका मानवतला होता, आमच्या गल्लीत, आमच्या घरावर.

"उंदीर झालेत मेले," माय म्हणाली आणि फळीकडं जायला गुडघ्यावर हात ठेवून उठली.

मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. त्याच संध्याकाळच्या एसटीनं परत आले. मायच्या घरात ते मला न्यायचं नव्हतं.

७

दत्ताची बायको भक्ती. सेलूकडची, बारीक, सारखी हसणारी. पहिली संक्रांत म्हणून काळी साडी, गळ्यात हलव्याचा हार. तिचा ब्लाऊज मीच शिवला होता. माप घेताना ती माझ्या कानाशी म्हणाली होती, "काकू, खरंच तो कोपरा मला देणार? अक्का म्हणल्या. आमच्या माहेरात कुण्याच बाईच्या नावावर काय न्हाई वो."

माझ्याही मनात तेव्हा हेच आलं होतं. अगदी हेच.

"भक्ती, तो कोपरा चांगला न्हाई," मी म्हटलं. "दुपारचं तिथं..."

ती हसली. "काकू, द्यायचा नसंल तर नका देऊ. भ्या कशाला दाखवता?"

हळदीकुंकू गावातल्या घरी होतं, भर दुपारी. ओसरीत बाया बसलेल्या. हे आणि दत्ता अंगणात उभे. अक्कानं सुगड माझ्या हातात दिलं, घाटे घातलेलं. "दे गं," ती म्हणाली. "सुटशील."

माझ्या मागं माजघरात कुणीतरी दाणे टिपत होतं. बाया बोलत होत्या, बांगड्या वाजत होत्या, त्यात तो आवाज फक्त मला आणि अक्काला कळत होता. मला द्यायचं होतं. हे लपवण्यात काय हाशील? सुगड द्यायला माझे हात पुढं झालेसुद्धा. भक्तीनं पदर पसरला, मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या तोंडावर असला आनंद होता की मला माझंच तोंड दिसलं.

मी सुगड खाली ठेवलं. पिशवीतून स्टीलची वाटी काढली, तिळगूळ घातला आणि तिच्या पदरात टाकली.

"हे माझं वाण," मी म्हटलं. "गोड बोल."

भक्तीनं वाटीकडं बघितलं. मग तिचं तोंड पडलं आणि डोळ्यांत राग आला. "काकू, चार लोकांत माझं हसं केलं तुमी," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. अंगणात हे डोकं धरून खाली बसले होते. आतून भाऊजींनी बाजेची कड बडवली, एकदाच.

८

त्यानंतर माझ्याकडं कुणी आलं नाही. हे आठवडाभर राहिले आणि मग म्हणाले, दादाला उचलायला-ठेवायला गडीमाणूस लागतं, मी गावात झोपतो. कपडे नेले, दाढीचं सामान नेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? नीलमचा एकदा फोन आला. तिच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, यंत्र बिघडलंय, ठिपके गाळत राहा.

आज फागुन आहे. हरभरा वाळलाय, काढायला माणसं मिळेनात, आमच्या कोपऱ्यात तर कुणी यायला तयार नाही. सकाळपासून करकोचे जमायलेत. आसपासच्या शिवारातले सगळे इथंच उतरलेत. ऊन तापलं की उठतील.

दुपारी मशीनवर बसले. पायटा मारला. मागच्या खोलीत काहीच वाजलं नाही. थांबले, पुन्हा मारला. नाहीच. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला हायसं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही. मोबाइल बघितला. ठिपका घरावर नव्हता, बाहेर होता, दारापासून थोड्या अंतरावर, हरभऱ्यात.

ह्यांना फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला तर कट केला. अक्काला लावला. तिनं उचलला, मला तिचा श्वास ऐकू आला. "अक्का," मी म्हटलं. "अक्का, कुणी तरी या गं." तिनं ठेवून दिला.

ताट वाढून घेतलं होतं. भाकर, पिठलं, कांदा. ते तसंच ठेवून दारात येऊन उभी राहिले.

पाखरं जवळ होती, इतकी जवळ कधी आली नव्हती. सगळ्यांच्या माना खाली. खाण्याचा तो एकच आवाज, शेतभर, टिक, टिक, टिक. त्यांच्या मधोमध एक राखाडी आकार होता, बाकीच्यांपेक्षा उंच. आधी वाटलं बुजगावणं, पण त्या कोपऱ्यात बुजगावणं कधीच लावत नाहीत. ते वाकलेलं होतं, घाटे वेचणाऱ्या बायका वाकतात तसं, कमरेतून. नऊवारीचा काष्टा होता. रंग मातीसारखा झालेला. ते घाटे हातानं वेचत नव्हतं.

मी उंबऱ्याला पाय अडवून धरला. मला माहितीय मी अडवून धरला, कारण अंगठा ठेचला आणि रक्त आलं.

तेवढ्यात सगळी पाखरं खायची थांबली. तिनंही मान वर केली. तोंड माझ्याकडं होतं, पण उन्हाच्या झळीत मला ते दिसलं नाही, आणि बरं झालं. वर आभाळात पहिली दोन पाखरं गोल फिरायला लागली होती.

मग ती सरकली. थोडीच, अंग चोरून, एसटीत बाया सरकतात तशी. तिच्या शेजारची पाखरंही सरकली, आणि तिथं एका बाईपुरती जागा झाली.